तुला काय दिसतंय?

९ जानेवारी

आज पुन्हा तेच! सकाळी विचारलं, "नाना, हा सुळा किती तिरका बसवू?" नानांनी मेणातली कवळी हातात घेतली, दातांवरून अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात ठेवली.

"तुला काय दिसतंय?"

मला काय दिसतंय! दिसलं असतं तर विचारायला आलो असतो का?

दोन महिने झाले या कामाला लागून. त्याआधी सव्वीस वर्षं लोकांच्या छतांना प्लास्टर केलं, मान वर करून. मग गुडघा गेला, शिडी सुटली. डॉक्टरबाईंच्या दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिथे कवळ्या बनतात. नाना तिथे चाळीस वर्षं आहेत. "प्लास्टर कालवता येतं ना? मग निम्मं काम येतं," असं म्हणून डॉक्टरबाईंनी मला ठेवून घेतलं. मार्चअखेरपर्यंत बघू, हात बसला तर कायम करू, म्हणाल्या. नाही बसला तर काय, ते बोलल्या नाहीत. मला माहीत आहे. गोदामाच्या फाटकावर खुर्ची टाकून बसायचं. मेव्हण्याने तिथे शब्द टाकूनच ठेवलाय.

प्लास्टर येतं. मेण वितळवणं, ओतणं, घासणं, पॉलिश, तेही यायला लागलंय. दात बसवणं येत नाही. आणि दात बसवणं म्हणजेच कवळी.

१० जानेवारी

आज नानांनी मला अकरा प्रश्न विचारले. मोजले मी. उत्तर एकही दिलं नाही.

१२ जानेवारी

आमच्या गावच्या शाळेत चार इयत्ता मिळून एकच गुरुजी होते. मला ळ काढता येत नव्हता. पाटीवर काढला की अंडं फुटल्यासारखा दिसायचा. गुरुजींनी विचारलं नाही, बाळ, तुला ळ कसा दिसतो? ते माझ्या मागे येऊन बसले, पेन्सिलीसकट माझी मूठ त्यांच्या मुठीत धरली आणि काढला. एकदा, दोनदा, दहादा. त्यांच्या सदऱ्याला खडूचा वास यायचा. अकराव्या वेळी त्यांनी हात सोडला तरी माझा हात चालतच राहिला.

ह्याला शिकवणं म्हणतात. ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला द्यावं. त्यात कोडी कशाला घालायची?

१५ जानेवारी, रविवार

मुलगी जेवायला आली होती. ती शाळेत शिकवते, दुसरीच्या वर्गाला. मी नानांचं गाऱ्हाणं सांगितलं तर टाळ्या पिटायला लागली!

"बाबा, तुमचे नाना फारच पुढचे आहेत हो! आम्हाला आत्ता प्रशिक्षणात हेच सांगतायत. उत्तर द्यायचं नाही. प्रश्न विचारून मुलांकडूनच काढून घ्यायचं."

"काढून घ्यायला आत काही असायला हवं ना?" मी म्हणालो.

"असतं बाबा. प्रत्येकाच्या आत असतं."

"माझ्या आत सुळ्याचा कोन नाहीये. मी शोधून पाहिला."

ही ताटं उचलत होती. तिथूनच म्हणाली, "अगं, ह्यांना प्रश्न विचारून उपयोगच नाही. मी विचारते, भाजीत मीठ कमी आहे का? हे भाजी चाखत नाहीत, माझं तोंड बघतात आणि उत्तर देतात."

दोघी केवढ्या हसल्या! मीही हसलो. भाजीत मीठ बरोबर होतं, असं मी म्हणालो. नंतर पाहिलं तर कमी होतं.

२१ जानेवारी

कामाची खोली मात्र मला आवडते. उत्तरेला एक मोठी खिडकी, तिच्याखाली लांब टेबल. इतक्या वर्षांचं प्लास्टर बसून बसून टेबल पांढरंफटक झालंय. भिंतीला दातांच्या पट्ट्या, डाव्या हाताला स्पिरिटचा दिवा, उजव्या हाताला मेणाच्या सुऱ्या ओळीने. मध्ये पितळेचा जबडा, वरखाली होणारा. त्यात कवळी बसवून चावा जुळतो का ते बघायचं. मेण तापलं की गोडसर वास सुटतो. सकाळी खोलीत शिरण्याआधी मी उंबऱ्यावर क्षणभर हात जोडतो. कुणाला दिसत नाही. पूर्वी शिडीला हात लावून जोडायचो.

नानांच्या तऱ्हा मात्र विचित्र. सुरी जिथली तिथे ठेवली नाही की खवळतात. बोटभर सरकलेलीही चालत नाही. डॉक्टरबाईंची चिठ्ठी आली की मला मोठ्याने वाचायला लावतात, पहिलीतल्या पोराला लावावी तशी. "मोठ्यानं वाचलं की डोक्यात बसतं," म्हणे. आणि माझ्याशी बोलताना कधी समोर बघत नाहीत. मान जरा बाजूला वळवून, कोंबडी दाणा बघते तसं बघतात. मी काही त्यांच्याइतका कसबी नाही, मान्य. पण तोंडाकडे बघायच्याही लायकीचा नाही का?

त्यांचा अंगठा मात्र! परवा डॉक्टरबाईंकडून तपासायला आलेली कवळी नुसती चाचपली आणि म्हणाले, "मागची दाढ उंच आहे." जबड्यात लावून बघितली. खरंच उंच होती. कागदाच्या जाडीएवढी.

एवढं येतं माणसाला, आणि सांगत नाही!

२ फेब्रुवारी

आज तोंडातून गेलंच.

दातांचा रंग ठरवायचा होता. रंगांच्या पट्टीवर सोळा दात असतात, पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत. पेशंटचा एक जुना दात नमुन्याला आला होता. नानांनी तो खिडकीपाशी माझ्या तळहातावर ठेवला. "कोणत्याशी जुळतो?"

मी म्हणालो, "तिसऱ्याशी?"

"मला विचारतोस की सांगतोस?"

"चौथ्याशी असेल."

"छतवाल्या, दात बदलला का रे मधल्या मधे?"

मी पट्टी टेबलावर ठेवली. आपटलीच म्हणा ना. "नाना, पन्नाशी आली माझी. परीक्षा कसल्या घेताय? तुम्हाला माहीत आहे तर सांगा ना सरळ!"

नाना मग हसले आणि म्हणाले, "माहीत असतं तर विचारलं असतं का?"

अशी चेष्टा! चाळीस वर्षांचा कारागीर मला म्हणतो, मला माहीत नाही. मी तिसरा घेतला. तिसराच होता तो. पहिल्यांदा डोळ्यांना तोच दिसला होता.

घरी येईपर्यंत राग उतरला. चालताना मनात आलं, मी देवाला आजवर काय काय विचारलं. त्याने एकदाही सरळ सांगितलं नाही. त्याच्यावर मात्र मी कधी पट्टी आपटली नाही. उद्या नानांची माफी मागायला हवी.

३ फेब्रुवारी

माफी मागितली. नाना म्हणाले, "पट्टी तुटली का?" नाही म्हणालो. "मग चहा सांग."

९ फेब्रुवारी

आज पूर्ण कवळी माझ्या हाती दिली! वरचे आणि खालचे, अठ्ठावीस दात. सत्तरीच्या एक बाई आहेत. उरलेले चार दात गेल्या महिन्यात काढले. नानांनी त्यांच्याकडून जुना फोटो मागवला होता. रंग उडालेला, बागेतल्या बाकावर बसून हसतायत. नानांनी तो खिडकीपाशी नेऊन इकडे तिकडे कलता केला आणि मला दिला.

"काय दिसतंय?"

"बाई हसतायत. दात चांगले आहेत. सरळ."

"सरळ?"

"सरळ, नाना."

"हं," म्हणाले. "मग बसव सरळ."

एका दमात उत्तर बरोबर आलं! दिवसभर मन हलकं होतं. हिने विचारलं, आज शीळ कसली घालताय?

१४ फेब्रुवारी

मेणातली कवळी बाईंना लावून पाहिली. एकट्याच आल्या होत्या. आरशात घाईघाईने बघितलं, लाजल्या, "छान आहे की," म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी चावा तपासून मान हलवली. आता मेण काढून पक्की करायची. एकदा पक्की झाली की दात जागचा हलत नाही. नानांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रेघ मारल्यासारखी आहे रे." नानांच्या तोंडून कौतुक!

२१ फेब्रुवारी

कवळी परत आली.

बाई खुर्चीत बसल्या, रुमालातून कवळी काढून टेबलावर ठेवली. टोचत नाही, चावता येतं, बोलता येतं. "पण आमचे हे चार दिवस माझ्याकडे बघतच नाहीत. मी हसले की पेपर वर धरतात. काल खोदून विचारलं तर म्हणाले, दात आलेत गं, पण तू कुठे गेलीस?"

आणि त्या रडायला लागल्या. सत्तर वर्षांची बाई, तोंडावर पदर धरून.

डॉक्टरबाई मला बाहेर घेऊन गेल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "पुन्हा सगळी करावी लागेल. मार्च आला, लक्षात आहे ना तुमच्या?"

आहे.

२२ फेब्रुवारी

इथे खरं लिहायला हरकत नाही.

फोटोत त्या बाईंचा पुढचा डावा दात उजव्यावर चढलेला आहे. तो मला त्या दिवशीच दिसला होता. पहिल्यांदा दिसला तो तोच! पण मनात म्हणालो, वाकडं सांगितलं तर नाना म्हणणार, मग काय वाकडी कवळी करणार का? नानांना काय ऐकायचं असेल त्याचा अंदाज केला आणि ते बोललो. परीक्षेत लिहितात तसं नीटनेटकं.

शाळेत ज्याला उत्तर माहीत असतं तोच प्रश्न विचारतो. म्हणून प्रश्न आला की मी समोरची वस्तू बघतच नाही. विचारणाऱ्याचं तोंड बघतो. भाजीतल्या मिठासारखं. ही बोलली तेव्हा मीही हसलो होतो!

सकाळी हात जोडले तेव्हा मागायला काही सुचलं नाही. एवढंच म्हणालो, आज दिसेल ते बोलायची बुद्धी दे.

२३ फेब्रुवारी

नानांना सगळं सांगितलं. दात दिसला होता, आणि मी सांगितला नाही.

ते बराच वेळ सुऱ्यांवरून बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, "चूक तुझी एकट्याची नाही. अंगठ्याला ती रेघ कळली होती. मी पुन्हा विचारायला हवं होतं." आणि मग, "घे फोटो. आता सांग. माझ्याकडे बघू नकोस. फोटोकडे बघ."

मी सांगू लागलो. डावा पुढचा दात उजव्यावर चढलाय. किती? नखाच्या जाडीएवढा. वरून की खालून? खालून. वर दोघं जवळजवळ बरोबरीने आहेत. त्याच्या बाजूला बारीकशी फट आहे. हसताना डावा ओठ जास्त वर गेलाय, उजवा मागे राहिलाय. सुळ्याचं टोक झिजलंय, सपाट झालंय. हिरडी दिसत नाही. अजून? अजून काही नाही, नाना. नाही, थांबा. पुढच्या दोन दातांमधली रेघ नाकाच्या बरोबर खाली नाहीये. किंचित उजवीकडे आहे.

नाना मान बाजूला वळवून ऐकत होते. त्यांची बोटं हवेत काहीतरी बसवत होती. आणि मग, देवाशपथ, त्यांनी सांगितलं! सरळ!

"मेण तापव. डावा उचल. अजून. टोक बाहेर काढ, मूळ आतच राहू दे. आता फटीत सुरीचं पातं घाल आणि तेवढीच जागा सोड. सुळा कानशीनं एकदाच घास. एकदाच म्हटलं!"

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. गुरुजींनीसुद्धा नाही.

"नाना, हे आधीच का नाही सांगितलंत?"

"आधी तू कुठे सांगितलंस?"

२४ फेब्रुवारी

दिवसभर दात, दात, दात. गुडघा दुखलाच नाही, की दुखला आणि कळलं नाही?

६ मार्च

नवी कवळी न्यायला आज बाई आणि त्यांचे यजमान दोघंही आले. मेणात असतानाही मी दोघांना बोलावून घ्या म्हणालो होतो, पण काका म्हणाले, आता झाल्यावरच बघतो. उंच, बारीक, हातात टोपी. बाई आतून कवळी लावून आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. हसल्या नाहीत. घाबरल्या असाव्यात. मीही.

काका म्हणाले, "हस की."

त्या हसल्या. डावा ओठ आधी वर गेला.

काकांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. "आलीस का? पंधरा दिवस कुठे होतीस?"

बाईंनी त्यांना पर्सने हाणलं. डॉक्टरबाई हसायला लागल्या. मी आतल्या खोलीत पळत जाऊन नानांना सांगितलं. काका कसे होते, टोपी कशी काढली, पर्स कुठे बसली. नाना म्हणाले, "आणि बाईंचा चेहरा? तो कसा होता?" मी तोही सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला.

१२ मार्च, रविवार

मुलीला सांगितलं, तुझी प्रश्नांची पद्धत वाईट नाही. पण मुलांना आधी एवढं सांग, की बाई तुमची परीक्षा घेत नाहीयेत.

ती म्हणाली, "पण बाबा, घेतच असते ना मी. मला उत्तर माहीत असतं."

"मग ज्याचं उत्तर तुला माहीत नाही असं काहीतरी विचार."

ती काही विचारायच्या आत ही म्हणाली, "भाजीत मीठ कसंय?"

मी चाखली. "जास्त आहे."

"चला! सव्वीस वर्षांनी एकदा चव कळली!" आणि स्वतःच पाणी घालायला उठली.

१९ मार्च

या आठवड्यात चार कवळ्या केल्या. आता नाना विचारतात आणि मी सांगतो. मी सांगितलं की ते सांगतात. दोघं मिळून एक गाणं म्हणावं तसं चाललंय. किती हलकं वाटतं! गोदामाच्या खुर्चीची आठवणही येत नाही. मेव्हण्याला म्हणालो, शब्द परत घे.

नानांच्या पद्धतीवर मी इतका चिडायचो, आता वाटतं त्यांनी सगळं मुद्दाम, ठरवून केलं. मोठ्या मनाचा शिक्षक! गुरुजींनी हात धरला, नानांनी डोळे उघडले. दोघांचंही स्मरण एकदमच करतो सकाळी.

३१ मार्च

कायम झालो. डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. माझी सही झाली. शिकवणाऱ्याचीही लागते, म्हणून कागद नानांपुढे ठेवला.

"सही कुठे करायची रे?" नाना म्हणाले.

मला गंमत सुचली. म्हणालो, "तुम्हाला काय दिसतंय, नाना?"

ते हसले. पेन उचललं, मान बाजूला वळवली आणि सही केली. टेबलावर. त्या पांढऱ्या टेबलावर, पांढऱ्या कागदापासून चार बोटं लांब.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. समोरचं काही दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं. तुम्हाला घ्यायच्या आधी मी विचारलं, शिकाऊ ठेवू का, तर म्हणाले होते, शिकाऊ नको, डोळे आणा."

माहीत असतं तर विचारलं असतं का! म्हणजे सुळा, तिसरा रंग, तो फोटो, सगळं ते खरंच विचारत होते. आणि मी म्हणालो होतो, सरळ.

मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पेनासकट त्यांची मूठ माझ्या मुठीत धरली, कागदावर नेली आणि रेघेच्या सुरुवातीला टेकवली. तिथून पुढे त्यांचा हात चालत राहिला.

"खाली उतरली का?" नानांनी विचारलं.

"शेवटचं अक्षर उतरलंय. बाकी सरळ आहे."